घर विकायची खरी निकड असलेल्यांपर्यंत जाहिरात कशी पोहोचवावी : पुण्यातल्या जुन्या फ्लॅटच्या खरेदीदारांसाठी

जुना फ्लॅट थेट मालकाकडून घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा किंवा भाड्याने द्यायचा, असं करू पाहणारे बरेच जण मला एकच तक्रार सांगतात : ‘जाहिरात दिली, पैसे गेले, फोन सगळे एजंटांचेच आले.’ खोलात गेलं की बहुतेक वेळा चूक जाहिरातीत सापडत नाही, क्रमात सापडते. आधी जाहिरात दिली, मग किंमत ठरवायला बसले, मग वकील शोधला, तोवर घर विकणाऱ्या काकांनी दुसऱ्याकडून विसार घेतलेला. खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. आकडे पुणे महापालिका हद्दीचे आहेत. मुंबईत किंवा इतर शहरांत मुद्रांक शुल्क वेगळं पडतं.

टप्पा १ : कोण विकतंय, ते आधी ठरवा

‘पुण्यात फ्लॅट विकत घेतो’ ही जाहिरात कोणासाठीच नसते. निकड असलेला मालक म्हणजे नेमका कोण, हे कागदावर लिहून काढा. जुन्या इमारतींत हे लोक साधारण असे असतात :

- आईवडील गेले, घर बंद, भावंडांपैकी एक पुण्यात आणि बाकीची बंगळुरूला किंवा अमेरिकेत.
- तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतायत. मुलाच्या सोसायटीजवळ घर हवंय.
- नवं घर बुक केलंय, त्याचे हप्ते सुरू झालेत आणि जुनं अजून विकलं जात नाही.
- बदली, घटस्फोट, धंद्यातली देणी.
- भाडेकरू नीट वागत नाही आणि मालक गावाला.

यातले फार तर दोन प्रकार निवडा. वारसांच्या घरासाठी लागणारी जाहिरात आणि हप्ते थकलेल्या माणसासाठीची जाहिरात एकसारखी लिहिता येत नाही. पहिल्याला वेळ आणि कागदपत्रांची मदत हवी असते, दुसऱ्याला तारीख.

परिसरही छोटा ठेवा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे एवढाच पट्टा घेतला तरी सोसायट्या शेकड्यांनी आहेत. एखाद्या इमारतीचं नाव ऐकताच पाणी टँकरचं की कॉर्पोरेशनचं, पार्किंग आहे का, पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत, हे सांगता आलं पाहिजे. फोनवर मालकाचा विश्वास बसतो तो याच माहितीवर.

तपासा : त्या पट्ट्यातल्या निदान दहा जुन्या फ्लॅटचे गेल्या वर्षाचे नोंदणीकृत व्यवहार पाहिलेत का? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, शोधता येते. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरची किंमत म्हणजे मालकाची इच्छा. इंडेक्स टूवरचा आकडा म्हणजे निदान कागदावर झालेला व्यवहार.

टप्पा २ : उलटा हिशेब करून कमाल किंमत काढा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा, एक वन बीएचके दुरुस्तीनंतर ७२ लाखांना जाईल असं वाटतंय. सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरने, त्याचं मूल्य ६० लाख आहे. आता ७२ मधून वजाबाकी करत खाली या :

- रंग, प्लंबिंग, वायरिंग, ओटा, बाथरूम : ४ लाख
- मुद्रांक शुल्क ७ टक्के. ते किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, म्हणून ६० लाखांवर : ४.२ लाख
- नोंदणी फी. १ टक्का, पण कमाल ३० हजार : ०.३ लाख
- वकील, शोध अहवाल (घराच्या जुन्या नोंदी आणि मालकी तपासून वकील देतो तो), जाहीर नोटीस : ०.४ लाख
- घर विकलं जाईपर्यंतचं व्याज, मेंटेनन्स, मिळकत कर : ३ लाख
- विकताना दीड टक्का दलाली : साधारण १.१ लाख

एकूण १३ लाख. उरले ५९. तुम्हाला ६ लाख सुटायला हवे असतील तर कमाल किंमत ५३ लाख. (स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेवढी जागा सुटते.)

बहुतेक जण इथेच थांबतात. गाडी इथेच अडकते.

सरकारी मूल्यापेक्षा फार कमी किमतीत घर घेतलं, तर फरकाची रक्कम खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. फरक ५० हजार किंवा किंमतीच्या १० टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेला की नियम लागू होतो, आणि मग कर फक्त वरच्या भागावर नाही, पूर्ण फरकावर. आपल्या उदाहरणात फरक ७ लाख, ५३ लाखांचे १० टक्के ५.३ लाख. म्हणजे सगळे ७ लाख तुमच्या उत्पन्नात. पुढे विकताना ही रक्कम खरेदी किमतीत धरता येते, पण कर आधी भरावा लागतो आणि खेळतं भांडवल अडकतं. शिवाय मालकाचा भांडवली नफाही ५३ वर न मोजता ६० लाखांवर मोजला जातो. त्याला हे आधी माहीत नसतं, सीएने सांगितलं की व्यवहार मोडतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

सोपी खूण लक्षात ठेवा : सरकारी मूल्याला १.१ ने भागा. ६० लाखांचं उत्तर येतं साधारण ५४.५५ लाख. त्याखालची किंमत म्हणजे दोन्हीकडे कराची डोकेदुखी. या घरासाठी तुमची कमाल ५३ आणि कराची किमान ५४.५५, म्हणजे हे घर तुमचं नाही. इमारत जुनी असेल तर सरकारी मूल्यात घसारा, म्हणजे इमारतीच्या वयाप्रमाणे घट, मिळतो, तो धरलाय का ते मूल्यांकन करणाऱ्याकडून पाहून घ्या. कधी कधी तेवढ्यानेच व्यवहार जमतो.

इशारा : ‘थोडी रक्कम रोख देऊ’ हा उपाय नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

टप्पा ३ : फोन वाजायच्या आधी तयार हव्यात अशा चार गोष्टी

१. पैसे. विसाराची रक्कम बचत खात्यात, आणि उरलेल्यासाठी बँकेचं मंजुरीपत्र. ‘लोन होऊन जाईल’ म्हणजे तयारी नव्हे. खूप जुन्या इमारतींवर काही बँका कर्ज द्यायला नाखूष असतात, ते आत्ताच विचारून घ्या.

२. वकील. त्याने तीस वर्षांचा शोध किती दिवसांत देणार, ते तारखेनिशी सांगितलेलं हवं.

३. सीए. वरच्या कराच्या नियमासाठी, आणि विक्रेता परदेशस्थ असेल तर फारच. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाला पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत तो १ टक्का नसतो, बराच जास्त असतो, आणि कमी कापला तर जबाबदारी तुमची.

४. ठेकेदार. घर पाहायला तुमच्याबरोबर येईल आणि गळती बघून तिथेच अंदाज सांगेल असा.

एजंटगिरीबद्दलही इथेच स्पष्ट व्हा. स्वतःसाठी घर घेणाऱ्याला एजंट म्हणून नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्यासाठी घर शोधून कमिशन घेणार असाल, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या घरांसाठी महारेराची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाची) एजंट नोंदणी लागते. अमेरिकन व्हिडिओ बघून ‘करार करायचा आणि तो करारच पुढच्याला विकायचा’ असं मनात असेल, तर सोडून द्या. आपल्याकडे फ्लॅटच्या साठेखतावरच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारावरच, मुद्रांक शुल्क भरावं लागतं. दोनदा शुल्क भरून नफा उरत नाही.

टप्पा ४ : मजकूर लिहा, आणि त्यात कमी पैशांचंही सांगा

जाहिरातीचं काम जास्त फोन आणणं हे नाही. नको ते फोन अडवणं हे आहे. माझा चाललेला मजकूर साधारण असा :

> कोथरूड, कर्वेनगर, वारजे येथे जुना १ किंवा २ बीएचके विकायचा आहे? लिफ्ट नसली, घर बंद असलं, दुरुस्तीला आलं असलं तरी चालेल. वारसांची कागदपत्रं जुळवायला मदत करू. मी स्वतः खरेदीदार, एजंट नाही; दलाली नाही. किंमत दुरुस्त घराच्या बाजारभावापेक्षा कमी, पूर्ण रक्कम बँकेतून. कागद नीट असतील तर ४५ दिवसांत खरेदीखत. फोन सकाळी १० ते रात्री ८.

‘बाजारभावापेक्षा कमी’ हे वाक्य काढा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी एकदा काढलंही. महिनाभर फोन दुप्पट आले आणि जवळपास प्रत्येकाशी अर्धा तास घासाघीस झाली. परत घातलं.

‘घर जप्त होतंय? घाबरू नका!’ असल्या भाषेपासून लांब राहा. अडचणीतला माणूस तसा बोर्ड पाहून फोन करत नाही. शेजारी पाहतील म्हणून तो तुमच्या बोर्डाजवळ थांबतही नाही. ‘सर्वोत्तम भाव’, ‘२४ तासांत पैसे’ हेही नको. शोध अहवालाशिवाय २४ तासांत पैसे देणारा एक तर खोटं बोलतोय किंवा बुडणार आहे.

मजकूर मराठीत आणि इंग्रजीत वेगळा लिहा, एकाचं भाषांतर दुसरं नको. पेठेतल्या आजोबांना ‘दलाली नाही’ भिडतं. त्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलीला ‘तुम्ही येईपर्यंत सगळे कागद तयार ठेवू’ हे भिडतं.

तपासा : मजकूर आधी आपल्याच घरातल्या ज्येष्ठाला वाचून दाखवा. ‘यात फसवणूक तर नाही ना?’ असा प्रश्न आला, तर कोणत्या शब्दामुळे आला ते विचारा आणि तो बदला.

टप्पा ५ : माध्यमं, एकेक करून

पाच ठिकाणी एकदम जाहिरात दिली की कुठून काय आलं ते कळत नाही. एक माध्यम तीन ते चार आठवडे चालवा, मग दुसरं जोडा. प्रत्येकाला वेगळा फोन नंबर द्या, किंवा निदान ‘जाहिरात कुठे पाहिलीत?’ हे पहिल्या मिनिटात विचारा.

*वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात.* हिला लोक हसतात. पण सत्तरीतले मालक रविवारी छोट्या जाहिराती आजही वाचतात. ‘घर घेणे आहे’ या सदरात द्या. ‘विकणे आहे’ खाली गेली तर दिवसभर ग्राहकांचेच फोन. एकदाच देऊन सोडू नका, ओळीने चार रविवार द्या. कात्रण कापून ठेवणारे लोक असतात, ते दुसऱ्या महिन्यात फोन करतात.

*पेपरात टाकलेलं पत्रक.* परिसर छोटा असेल तर उत्तम. वितरकाशी पहाटे त्याच्या अड्ड्यावर जाऊन बोला, हद्द रस्त्याच्या नावांनी ठरवा, आणि त्या हद्दीतल्या ओळखीच्या दोन घरी पत्रक पोहोचलं का ते त्याच दिवशी विचारा.

*सोसायटीचा फलक.* सेक्रेटरीची परवानगी घेऊन लावा. वॉचमनला पैसे देऊन लावलेला कागद दुपारपर्यंत टिकतो. सेक्रेटरीची ओळख पुढेही कामाला येते, कारण कोणत्या फ्लॅटचा मेंटेनन्स थकलाय हे त्यालाच माहीत असतं. ते स्वतःहून विचारू नका. फक्त कार्ड ठेवून या.

इशारा : विजेच्या खांबांवर, भिंतींवर, झाडांवर पोस्टर चिकटवणं हा मालमत्ता विद्रुपण प्रतिबंध कायदा, १९९५ नुसार गुन्हा आहे, आणि त्यावर तुमचाच फोन नंबर छापलेला असतो.

*गुगलवरची शोध जाहिरात.* इथे पैसे जातात ते दोन बारीक गोष्टींनी. पहिली, ठिकाणाची सेटिंग. मुळात ती ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस दाखवणारे’ अशी असते. फक्त पुण्यातले लोक हवे असतील तर ‘त्या ठिकाणी असलेले’ हा पर्याय निवडा. परदेशस्थ वारसांसाठी वेगळी मोहीम करून त्यात देश निवडा. दुसरी, नको असलेल्या शब्दांची यादी. भाडे, रेंट, नोकरी, प्लॉट, लोन, नवा प्रकल्प, पीजी हे पहिल्याच दिवशी त्यात घाला आणि लोकांनी नेमकं काय टाइप केलं याचा अहवाल पहिले दोन आठवडे रोज पाहा. वेळापत्रक लावा, तुम्ही फोन उचलणार नाही त्या वेळेत जाहिरात बंद.

*फेसबुक आणि इन्स्टाग्राम.* फॉर्म भरण्याच्या जाहिरातीत माहिती आपोआप भरली जाते, म्हणून अर्ध्या लोकांना आपण फॉर्म भरला हेच आठवत नसतं. पाठवण्याआधी तपासून पाहायला लावणारा पर्याय निवडा आणि दोन प्रश्न स्वतः टाइप करायला लावा : इमारतीचं नाव, आणि घर कधीपर्यंत विकायचं आहे. फॉर्म निम्म्याने घटतील. घटू द्या.

*परदेशातल्यांसाठी वेळ.* अमेरिकेतली, कॅनडातली मुलं डिसेंबर-जानेवारीत येतात. तुमची जाहिरात ऑक्टोबरात सुरू हवी, म्हणजे ती आली की भेटीगाठी होतात.

फोन नंबरांच्या याद्या विकत घेऊन घाऊक मेसेज किंवा कॉल करू नका. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनी नोंदणीशिवायचे व्यापारी मेसेज आणि साध्या दहा आकडी नंबरवरून केलेले जाहिरातीचे कॉल अडवले आहेत. तक्रार झाली तर नंबरच बंद होतो, आणि तोच नंबर तुमच्या पत्रकावर असतो.

टप्पा ६ : फोन

निकड असलेला माणूस धीर गोळा करून फोन करतो. उचलला नाही तर पुन्हा करेलच असं नाही. त्यामुळे जाहिरातीच्या तासांत फोन तुमच्याच हातात हवा, ऑफिसातल्या नव्या मुलाच्या नको.

पहिल्या फोनवर किंमत सांगू नका आणि विचारूही नका. या क्रमाने विचारा :

१. घर कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर?
२. सध्या कोण राहतं?
३. कागद कोणाच्या नावावर आहेत? ते हयात आहेत का?
४. विकायचं ठरण्याचं कारण, सांगायला हरकत नसेल तर?
५. कधीपर्यंत व्हायला हवं?

चौथ्या आणि पाचव्याचं उत्तर मिळून निकड कळते. ‘चांगला भाव आला तर बघू’ म्हणजे निकड नाही. नाव वहीत लिहा आणि पुढे चला. ‘मार्चमध्ये नव्या घराचा ताबा आहे’ म्हणजे आहे.

पलीकडे कोणी ऐंशीच्या काकू असतील, तर भेटीच्या वेळी मुलगा, मुलगी किंवा भाचा, कोणीतरी जवळचं हजर असावं असं तुम्हीच सुचवा. हे सभ्यपणाचं आहेच, शिवाय ‘आईला फसवून सही घेतली’ असा दावा वर्षभराने आला तर नफा वकिलाकडे जातो.

टप्पा ७ : घर बघण्याआधी कागद बघा

लोक आधी घर पाहायला धावतात. मी व्हॉट्सॲपवर आधी चार गोष्टी मागतो : इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताज्या मेंटेनन्स बिलाचा फोटो आणि कर्ज असेल तर बँकेचं खातेपत्रक. ही आली नाहीत तर भेट लांबवतो.

नेहमी सापडणाऱ्या अडचणी :

- *नॉमिनीलाच मालक समजणं.* सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर हस्तांतरित केले म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं किंवा सगळ्यांच्या सह्या.
- *परदेशातल्याचं कुलमुखत्यारपत्र.* ते तिथल्या भारतीय दूतावासात किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचं आंतरराष्ट्रीय प्रमाणन) करून साक्षांकित केलेलं हवं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. पत्र देणारी व्यक्ती हयात आहे ना, हे खरेदीखताच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पाहा.
- *कर्ज.* मूळ कागद बँकेत असतात. कर्ज संपवण्याचं पत्र मागवा. तुमची रक्कम मालकाच्या हाती न देता थेट कर्ज खात्यात भरा. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही. ‘बँक दंड लावेल’ असं मालक सांगत असेल तर पत्र मागून बघा. सरसाई (CERSAI) या तारणांच्या केंद्रीय नोंदणीवर शोधलं की न सांगितलेलं कर्जही बऱ्याचदा उघड होतं.
- *सोसायटीचं हस्तांतरण शुल्क.* महापालिका हद्दीत अधिमूल्याची, म्हणजे हस्तांतरणासाठी सोसायटी घेते त्या प्रीमियमची, कमाल मर्यादा २५ हजार आहे. ‘देणगी’ म्हणून लाखभर मागितले तर आधीच कळलेलं बरं.

तपासा : चारही कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळतात का? ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्यावर दुय्यम निबंधक कार्यालयात अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे.

टप्पा ८ : किंमत आणि विसार

किंमत तोंडी सांगू नका. एका पानावर टप्पा २ मधला हिशेब लिहून समोर ठेवा : दुरुस्ती किती, शुल्क किती, आणि हो, माझा नफा किती. मालकाला तुमचा नफा ठाऊक असतोच. तो लपवला की बाकीचे आकडेही खोटे वाटतात. मग सांगा, एजंटमार्फत विकलं तर सहा-आठ महिन्यांत कदाचित एवढे जास्त मिळतील. थांबणं परवडत असेल तर काका, थांबा. असं म्हटल्यावर काही जण खरंच थांबतात. जे थांबत नाहीत, ते पुढे व्यवहार मोडत नाहीत.

विसार छोटा, चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर एक अट : शोध अहवाल स्वच्छ नसल्यास विसार किती दिवसांत परत. त्यानंतर लगेच दोन वर्तमानपत्रांत वकिलामार्फत जाहीर नोटीस, हरकतींची मुदत संपल्यावर साठेखत. ‘नोटीस दिली की लोकांना कळेल’ म्हणून मालक आढेवेढे घेतात. तिथे माघार घेऊ नका.

टप्पा ९ : वही

प्रत्येक फोनची एक ओळ : तारीख, माध्यम, इमारत, कारण, मुदत, कागदांची स्थिती, पुढचा फोन कधी. माध्यमाचा हिशेब फोनांवर करू नका. खर्चाला, कागद दाखवलेल्या मालकांच्या संख्येने भागा. स्वस्त फोन देणारं माध्यम इथे बहुधा महाग ठरतं. आठ आठवड्यांत एकाही मालकाने कागद दाखवले नाहीत, तर आधी मजकूर बदला; पुढच्या चार आठवड्यांतही तेच झालं तर माध्यम बंद करा.

आणि ज्यांनी ‘नको’ म्हटलं, त्यांना तीन महिन्यांनी एक फोन. ‘काका, घराचं झालं का काही?’ एवढंच विचारा. झालं असेल तर अभिनंदन करा आणि ओळ खोडा. झालं नसेल तर जुना हिशेब नव्या रेडी रेकनरप्रमाणे पुन्हा मांडा, कारण दर सहसा १ एप्रिलला बदलतात.